तबकडीतला सिनेमा घरभर

डीव्हीडीच्या एका थरावर खाचांची एकच सलग सर्पिल रेघ असते. ती उलगडून सरळ केली तर 12 किलोमीटरच्या आसपास भरेल. शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर 0.74 मायक्रॉन, सर्वांत आखूड खाच 0.4 मायक्रॉन, आणि लाल लेसर ती गरगर फिरत्या तबकडीवरून वाचतो. नोव्हेंबर 1996 मध्ये जपानात विक्रीला आलेल्या या वस्तूचे आज कोणाला नवल वाटत नाही, कारण ती लावायला घरात यंत्रच उरलेले नाही. पण कपाटातले सिनेमे एकदा संगणकावर उतरवले की टीव्ही, फोन, टॅब, कशावरही वाय-फायने पाहता येतात. या प्रवासात वाय-फायचा टप्पा सोपा आहे. खरी अडचण तबकडीतून बाहेर पडण्याची.

तबकडी संगणकात उघडली की दोन फोल्डर दिसतात. ‘ऑडिओ_टीएस’ बहुधा रिकामाच. सगळा माल ‘व्हिडिओ_टीएस’मध्ये: 1 जीबीच्या आत तुकडे केलेल्या व्हीओबी फाइली, कुठून काय सुरू होते हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली आणि त्यांचीच तंतोतंत नक्कल असलेल्या बीयूपी फाइली. ओरखड्याने मूळ फाइल गेली तर नकलेवर भागावे, ही तजवीज. चित्र एमपीईजी-2 पद्धतीचे, आपल्याकडच्या पाल तबकडीत 720 बाय 576 ठिपक्यांचे. उपशीर्षकांच्या 32 पट्ट्यांची सोय असते, पण ही उपशीर्षके म्हणजे मजकूर नव्हेच, ती चार रंगांतली चित्रे असतात. पुढे हे नडते.

विकतच्या बहुतेक तबकड्यांवरच्या या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर पडद्यावर रंगीत चौकोनांचा चिखल दिसतो. हे सीएसएस नावाच्या कुलपाचे काम. त्याच्या किल्ल्या तबकडीच्या अशा भागात असतात की साध्या कॉपीत त्या येतच नाहीत. मात्र किल्ली अवघी 40 बिटांची. 1999 मध्ये डीसीएसएस या छोट्या प्रोग्रामने कुलूप उघडले आणि तो जगजाहीर करणाऱ्या यॉन लेक योहान्सन या नॉर्वेतल्या किशोरावर खटला भरला गेला. 2003 मध्ये खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडले. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65-अ असे कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या घरात पाहणे वेगळे, आणि उसनी आणून उतरवणे वेगळे. हा फरक पाळलाच पाहिजे.

तबकडी संगणकावर उतरवण्याला मेकएमकेव्ही आणि आकार कमी करायला हँडब्रेक, असे दोन प्रोग्राम आहेत. एच.264 या पद्धतीत बदलल्यावर 5-6 जीबीचा सिनेमा दीड जीबीच्या आसपास मावतो. घाई नसेल तर मूळ प्रतही ठेवावी, कारण 4 टीबीच्या डिस्कवर 4.7 जीबीच्या साडेआठशे तबकड्या बसतात.

आता घरातले जाळे. डीव्हीडीचा प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त 10.08 मेगाबिट. 1999 च्या 802.11बी वाय-फायची गती कागदावर 11 मेगाबिट आणि प्रत्यक्षात जेमतेम निम्मी, त्यामुळे सिनेमा अडखळे. आजच्या साध्या राउटरला हे ओझे जाणवतही नाही. टीव्ही 239.255.255.250 या ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो: सिनेमे कोणाकडे आहेत? जेलीफिन किंवा प्लेक्स हा सिनेमे पुरवणारा प्रोग्राम चालवणारा संगणक उत्तर देतो आणि यादी पडद्यावर येते. इंटरनेट बंद असले तरी हे चालू शकते. अडते ते उपशीर्षकांपाशी. फोनला ती चित्रे समजली नाहीत तर त्या संगणकाला प्रत्येक फ्रेमवर ती कोरून सिनेमा नव्याने घडवावा लागतो, आणि जुना लॅपटॉप पंखा फिरवत घामाघूम होतो.

या साऱ्याचे एक मूळ पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना वेगवान नेटवर्क हवे होते. त्यासाठी पटणारे कारण म्हणून 1996 मध्ये त्यांनी वसतिगृहभर व्हिडिओ पोहोचवण्याचा प्रकल्प काढला. 2001 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. केशरी शंकूचा व्हीएलसी प्लेअर तो हाच.

मराठी घरांत हे काम विशेष निकडीचे आहे. मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकल्या, त्या काळात कपाटे भरली. 2018 मध्ये कंपनीच दिवाळखोरीत निघाली. नाटकांच्या कितीतरी तबकड्या आता बाजारात मिळत नाहीत. व्हीसीडीवर तर सीएसएसचे कुलूपही नसते, पण एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावते, म्हणून नाटक दोन-तीन तबकड्यांत विभागलेले असते. सुरुवात नाटकांपासून करा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवा आणि मूळ तबकड्या रद्दीत देऊ नका.