रिकामी संध्याकाळ

आजचा विषय मुलांचा आहे, पण सुरुवात हिशेबाने करू. वही असेल तर काढा, नसेल तर बोटांवर मोजा.

नऊ वर्षांचं मूल धरा. दिवसाचे तास २४. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ सालची शिफारस आहे. आपण १० धरू. उरले १४. शाळा साडेसहा तास, उरले साडेसात. व्हॅनने जाण्यायेण्याचा दीड तास, उरले सहा. आंघोळ, जेवणखाण, दप्तर, हरवलेला मोजा, याला अडीच तास. उरले साडेतीन. गृहपाठ एक तास, शिकवणी जाऊन-येऊन दीड तास. हातात राहिला एक तास. तिथे तबला किंवा अबॅकस घातलं, की शिल्लक शून्य.

आता आणखी एक क्लास लावला, तर तो तास कुठून आणायचा? झोपेतूनच. दुसरीकडे काही शिल्लकच नाही! महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं सांगितलं, ते मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. पण रात्री साडेदहाला मूल प्रोजेक्टचं चित्र चिकटवत बसलं असेल, तर नुसती शाळेची वेळ बदलून किती फरक पडणार?

या हिशेबात आणखी एक गोष्ट बसली नाही, ती म्हणजे घर. आईबाबा मुलाशी दिवसभरात काय बोलतात? आटप, चल, उशीर होतोय, बाटली घेतलीस का. सगळी वाक्यं आज्ञार्थी. (हशा) हसताय, म्हणजे ओळखीचं आहे.

आमच्याकडेही तेच होतं. मुलाला आठवड्यातून पाच दिवस काही ना काही होतं. एका गुरुवारी बुद्धिबळाचा क्लास अचानक रद्द झाला. तो घरभर फिरला, 'कंटाळा आला' म्हणाला, आणि शेवटी आजीजवळ मटार सोलत बसला. अर्ध्या तासाने, मान वर न करता, म्हणाला, 'आजी, व्हॅनमध्ये मला सगळे चिडवतात.' तीन महिने चाललं होतं ते. रोज व्हॅनमधून उतरल्यावर मी त्याला विचारायचे, 'कसा गेला दिवस?' तो म्हणायचा, 'छान.' कारण पुढच्या क्लासला निघायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात एवढी गोष्ट कशी सांगणार?

मुलं प्रश्नाला उत्तर म्हणून मनातलं सांगत नाहीत. हात कशात तरी गुंतलेले असतात, समोरच्याला घाई नसते, तेव्हा सांगतात. म्हणून रिकामा वेळ हवा.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली, भारत १९९२ मध्ये तिच्यात सामील झाला. तिच्या ३१व्या कलमात खेळ आहेच, पण त्याच्या आधी विश्रांती आणि मोकळा वेळ आहे. वेगळे शब्द आहेत बरं का. क्रिकेटचं कोचिंग लावलं म्हणजे विश्रांती झाली, असं नाही.

कुणी म्हणेल, 'बाई, आम्ही दोघं सातला घरी येतो. क्लास नसेल तर मूल जाईल कुठे?' खरं आहे. पुष्कळ घरांत क्लास हेच पाळणाघर असतं, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मात्र मग तो क्लास मुलाच्या आवडीचा आणि बिनपरीक्षेचा ठेवा. सातनंतर दुसरा लावू नका.

बाकीच्यांनी एवढंच करा. आठवड्यातली एक संध्याकाळ आधी रिकामी धरा आणि क्लास उरलेल्या दिवसांत बसवा. आपण नेमकं उलटं करतो, सगळं भरून झाल्यावर फट शोधतो. एखादा क्लास सोडायचा असेल तर कोणता, ते मुलाला विचारा. उत्तर बहुतेक तयार असतं. त्या संध्याकाळी मॉल नको, 'क्वालिटी टाइम'चा कार्यक्रमही नको. फोन दुसऱ्या खोलीत. भाजी निवडा, पत्ते कुटा, गच्चीवर जा. मूल 'कंटाळा आला' म्हणालं तर लगेच धावू नका. अर्धा तास थांबा.

आमचा गुरुवार अजून रिकामा आहे. कधीकधी त्या दिवशी काहीच घडत नाही, आणि ते चालतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.