साथ, संख्या आणि योगायोग

रोगाची साथ गणिताच्या समीकरणांत मांडता येते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. १९०५-०६ साली मुंबईत प्लेगने झालेल्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेऊन कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये आपला आलेख त्यांच्याशी ताडून पाहिला आणि तो चांगला जुळला. साथ चढते कशी आणि सर्वांना लागण होण्यापूर्वीच ओसरते का, याचे उत्तर त्यातून मिळाले.

मात्र या समीकरणांत माणसे सुटी नसतात. ती पाण्यासारखी सलग मानलेली असतात. रुग्ण शतांशाने उरला तरी समीकरण पुढे चालूच राहते. व्यवहारात शतांश रुग्ण नसतो. एक तरी असतो, नाही तर शून्य. रुग्ण हजारोंनी असतात तेव्हा योगायोगांची वजाबेरीज होऊन जाते. ते मोजके असतात तेव्हा योगायोगच निर्णायक ठरतो. भारतात वैद्यकीय सेवा बजावलेल्या मॅकेंड्रिक यांनी १९२६ मध्येच या योगायोगाला आपल्या गणितात स्थान दिले होते.

एक रुग्ण सरासरी दोघांना रोग देतो, असे समजू. ठोकळ हिशेबाने साथ पसरलीच पाहिजे. परंतु एखादा रुग्ण लवकर बरा होतो, एखाद्याची कोणाशी गाठच पडत नाही. संभाव्यतेच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार एका रुग्णापासून सुरू झालेली साखळी आपोआप तुटण्याची शक्यता निम्मी असते. रुग्ण पाच असतील तर ती ३२ मध्ये १, आणि दहा असतील तर १०२४ मध्ये १ एवढीच उरते.

बार्टलेट यांनी १९५७ मध्ये ब्रिटनमधील शहरांच्या गोवराच्या नोंदी तपासल्या. सुमारे अडीच-तीन लाखांहून लहान शहरांत दोन साथींच्या मधल्या काळात गोवर नाहीसा होई व पुन्हा बाहेरून येई. मोठ्या शहरांत तो ठाण मांडून राही.

यातून दोन बोध निघतात. रोग गावात आला आणि पसरला नाही, एवढ्यावरून व्यवस्था चोख होती असे सिद्ध होत नाही. ते निव्वळ नशीबही असू शकते. दुसरे असे की, रुग्ण बोटांवर मोजण्याइतके असतानाच प्रयत्नांना सर्वाधिक फळ येते. देवीच्या निर्मूलनात अखेरच्या रुग्णांचा घरोघर शोध घेऊन त्यांच्या आसपासच्यांना लस टोचण्यात आली. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला. आकडे घटले की पथके व निधी कमी करण्याचा मोह होतो. गणित सांगते ते नेमके याच्या उलट आहे.