प्लॅन 300 एमबीपीएसचा, तरी ऑफिसात टॅली अडकतंच का?

महिन्याची 20 तारीख, जीएसटी रिटर्नची घाई आणि सीएच्या ऑफिसात टॅली उघडायलाच पाच मिनिटं. मग पहिला फोन जातो इंटरनेटवाल्याला, "प्लॅन वाढवून द्या."

पण डेटा ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर असेल, तर तो इंटरनेटवरून येतच नाही. वाट अडवतो तो बहुतेकदा कोपऱ्यातला 100 एमबीपीएसचा जुना स्विच. नवा गिगाबिट स्विच फार महागही नसतो. फक्त केबल तपासा. 100 ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी सुटली तर वेग गुपचूप 100 वर येतो. कॅट 5ई केबल असेल, तर भिंत फोडायची गरज नाही.

खरी जोखीम घरून काम करण्यात आहे. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट उघडून देणं दोन मिनिटांचं काम, म्हणून सर्रास केलं जातं. पण पासवर्ड ओळखू पाहणारे बॉट चोवीस तास असेच पोर्ट शोधत असतात. ते आत शिरले, की रॅन्समवेअर सगळ्या क्लायंटच्या फायलींना कुलूप लावतं.

त्यापेक्षा आधी व्हीपीएन, मग त्यातूनच रिमोट डेस्कटॉप. त्यासाठी कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागावा लागू शकतो. आणि बॅकअपची हार्डडिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर कुलूप तिलाही लागतं.