विश्लेषण : माइनक्राफ्टमधल्या मातीच्या विटा आणि सोलापूरचे माळवद

एक ठोकळा चिखल, त्यात गव्हाची एक पेंढी, की भिंतीचा माल तयार. ‘माइनक्राफ्ट’ या व्हिडिओ गेममध्ये २०२२ पासून मिळणारी ही कृती बार्शी, करमाळा किंवा मंगळवेढ्याकडच्या एखाद्या आजोबांना सांगितली, तर त्यांना त्यात काही नवल वाटणार नाही. सोलापूर जिल्ह्यातली माळवदाची जुनी घरे माती, काड आणि लाकूड यांवरच उभी राहिली. नातवाला मात्र खेळात जे सहज जमते, त्यातले काही प्रत्यक्षात जमत नाही, आणि ते कोणते हे कळणे महत्त्वाचे आहे.

खेळ काय आहे?

मोजांग या स्वीडिश कंपनीचा हा खेळ २०११ मध्ये पूर्ण रूपात बाजारात आला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ही कंपनी विकत घेतली. खेळातले जग एक-एक मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचे असते. ठोकळे खणायचे, त्यातून नवा माल करायचा आणि हवे ते बांधायचे. ७ जून २०२२ रोजी आलेल्या १.१९ या आवृत्तीत ‘मड’, ‘पॅक्ड मड’ आणि ‘मड ब्रिक्स’ हे तीन ठोकळे त्यात आले.

विटा कशा करायच्या?

खारफुटीच्या दलदलीत चिखल आयताच मिळतो. ती जवळ नसेल तर काचेची बाटली पाण्याने भरायची आणि साध्या मातीच्या ठोकळ्यावर वापरायची. मातीचा चिखल होतो आणि बाटली रिकामी हातात राहते. भरलेल्या बाटल्या सामानात एकावर एक रचता येत नाहीत, प्रत्येक बाटली एक जागा अडवते. म्हणून पाच-सहाच बाटल्या घेऊन पाण्याकाठी बसून काम केलेले बरे.

पुढे एक चिखल आणि एक गहू मिळून एक ‘पॅक्ड मड’ होतो, म्हणजे काड घालून मळलेली माती. असे चार ठोकळे दोनावर दोन मांडले की चार विटा. भट्टी नाही, कोळसा नाही. पक्की भाजकी वीट हवी असेल तर काम वाढते. ज्या ठोकळ्याखाली टोकदार ‘ड्रिपस्टोन’ लटकतो आहे त्यावर चिखल ठेवायचा, तो हळूहळू निथळून चिकणमाती होतो. तिचे चार गोळे निघतात, ते भट्टीत भाजायचे, तेव्हा कुठे विटांचा एक ठोकळा होतो.

कच्च्या विटेत खरा खर्च गव्हाचा. बाहेरून सात बाय सात आणि चार ठोकळे उंच अशी एक खोली धरली, तर भिंतींना ९६ ठोकळे लागतात. म्हणजे ९६ गहू, आणि खेळात तीन गव्हांची एक पाव-लादी होते, तर ३२ पाव भिंतीत गेले. सपाट छताचे ४९ वेगळे. तेव्हा आधी शेत लावावे, घर नंतर. खेळाने इथे एक गडबड केली आहे. त्यात कणसासकट गहू चिखलात जातो. कोणताही शेतकरी दाणे काढून घेईल आणि मग उरलेले काड, भुसा मातीत घालेल.

काड कशासाठी?

चिकणमाती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. सोलापूरच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा याच कारणाने पडतात. मातीत काड मिसळले की ते तंतूंसारखे तिला धरून ठेवते, मोठ्या भेगेऐवजी बारीक चिरा पडतात. खेळात कोणतीही साधी माती चालते, गावात चालत नसे. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’, हा भेद गावाला चांगला ठाऊक होता. भिंतीला आणि माळवदाला पांढरीची मातीच आणत, कारण ती काळीसारखी फुगत नाही.

खेळात माळवद कसे उभारावे?

खेळातली एक ठोकळा जाडीची भिंत म्हणजे एक मीटरची भिंत. जुन्या घरांच्या दोन-अडीच फुटी भिंतींपेक्षा ती थोडी जाडच, पण दिसायला जवळची. अशा जाड भिंती दुपारचे ऊन आत यायला वेळ लावतात, म्हणून चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात ही घरे सुसह्य असत. जोते बेसॉल्टचे करावे. दख्खनचा काळा दगड तोच, खेळात मात्र तो ‘नेदर’ या पाताळातून आणावा लागतो. खांब-तुळयांना ‘अकेशिया’ घ्यावे, ते आपल्या बाभळीचेच भाऊबंद. गिलावा केलेल्या भिंतीसाठी गुळगुळीत ‘पॅक्ड मड’ शोभतो, मात्र त्याच्या पायऱ्या किंवा अर्धे ठोकळे होत नाहीत. ते फक्त ‘मड ब्रिक्स’चे होतात. माळवदाला उजेड-धुरासाठी ठेवत ते सवणे करायला छतात एक ठोकळा सोडून तिथे काच बसवावी.

राक्षसांचीही सोय पाहावी लागते. मातीच्या विटेची स्फोट सोसण्याची ताकद ३, दगडी विटेची ६. ‘क्रीपर’ दाराशी फुटला तर मातीच्या घराचे नुकसान जास्त होणार.

खेळ काय सांगत नाही?

एक, पाणी. खेळात कितीही पाऊस पडला तरी वीट विरघळत नाही. सोलापूर कमी पावसाचा जिल्हा म्हणून सपाट मातीचे छत इथे चालले, तरीही पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती घालून ती चोपावी लागे. आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने गावची मातीची मोठी मशीद आहे, तिलाही गावकरी दरवर्षी नवा लेप देतात.

दुसरे, वजन, आणि हे जास्त गंभीर. खेळात वाळू आणि खडी खाली पडतात, पण माती आणि विटा अधांतरी टांगून ठेवता येतात. भिंती काढून टाकल्या तरी छत जागच्या जागी. प्रत्यक्षात एका चौरस मीटरवर फूटभर माती म्हणजे साधारण अर्धा टन. वरच्या सात बाय सातच्या खोलीवर फूटभर माती घातली, तर डोक्यावर सुमारे २५ टन झाले. दरवर्षी थर वाढत गेला की हा आकडाही वाढत जातो.

हे वजन काय करते ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच दगावली. तिथल्या घरांच्या भिंती बहुतेक गोल-ओबडधोबड दगडांच्या होत्या, सांध्यात चिखल होता आणि वर मातीचे जड छत होते. हादरा बसताच भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर सुटले आणि घर कोसळले.

भूकंपानंतर अभियंत्यांनी उरलेल्या घरांसाठी सांगितलेले उपाय साधे होते. छतावरची जादा माती उतरवा. भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालून दोन्ही थर एकमेकांत बांधा. भिंतींना चारही बाजूंनी पट्टा द्या. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू मारा. माळवदात छताचा भार पेलायला लाकडी खांब असतात आणि दोन खांबांमधल्या अंतराला ‘खण’ म्हणतात. घर किती खणांचे, हे विचारण्याची पद्धत त्यातूनच आली. हा लाकडी सांगाडा नीट जोडलेला असेल तर भिंत ढासळली तरी छत लगेच खाली येत नाही.

खेळात यातले काहीच सक्तीचे नाही, पण स्वतःला नियम घालून घेता येतो. सात ठोकळ्यांच्या खोलीत दर तिसऱ्या ठोकळ्याला खांब, खांबांवर तुळया, आणि त्यावर पूर्ण ठोकळ्याऐवजी ‘मड ब्रिक्स’चा अर्धा ठोकळा. तीन विटांचे सहा अर्धे ठोकळे होतात, म्हणजे छताचा गहूही निम्मा लागतो.