गाठ निघाली, पण पाण्यापासून सांभाळा!



"ऑपरेशन झालं, डोक्यातली गाठ निघाली, सुटलो एकदाचे," असे म्हणत माणूस मुंबईहून किंवा बांबोळीहून मालवणकडच्या आपल्या गावी परततो. घरच्यांचे खरे काम तिथून सुरू होते, विशेषतः गाठ अनुवंशिक दोषातून आली असेल तर.

असा एक दोष म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाईप टू, थोडक्यात एन. एफ. टू. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या शिरेवर, बहुधा दोन्ही बाजूंना, गाठी येतात. त्या कॅन्सरच्या नसतात, पण वाढून मेंदूला दाबतात. बाविसाव्या गुणसूत्रावरील जो जनुक बिघडल्याने हे होते, तो १९९३ साली सापडला. १९३० साली अमेरिकेतील गार्डनर आणि फ्रेझियर या डॉक्टरांनी एकाच घराण्याच्या पाच पिढ्या तपासल्या होत्या. त्यात ३८ माणसे दोन्ही कानांनी बहिरी निघाली.

आपल्याकडे असे घर दिसले की कुणी शाप म्हणतो, कुणी बाहेरची बाधा, आणि शेवटी बोट सुनेकडे वळते. आते-मामे नात्यातले लग्नही याचे कारण नाही. आई किंवा बाप, कुणा एकाकडून बिघडलेला जनुक आला की पुरे. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता असते. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या तर आई-बापांत हा दोष नसतोच. भगताकडे गेलेले महिने मात्र गाठीच्या वाढीला मिळतात.

आता शस्त्रक्रियेनंतरचे पाहू. त्या बाजूचा कान जाऊ शकतो. ऐकण्याच्या शिरेला लागूनच चेहऱ्याची शीर असते. ती दुखावली तर तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही. आपल्या वाऱ्या-वाळूत असा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. औषधाचे थेंब घालावेत, रात्री डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पापणी चिकटपट्टीने मिटवावी. डोळा लाल झाला, दुखला तर थांबू नये. गिळायला त्रास होत असेल तर पातळ पेज घशात अडकून ठसका लागतो. ती घट्ट करून, माणसाला ताठ बसवून, थोडी थोडी भरवावी. वाकल्यावर नाकातून किंवा जखमेतून स्वच्छ पाणी गळू लागले तर ती सर्दी समजू नका. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. सोबत ताप, उलटी, मान आखडणे असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि किनाऱ्यावरच्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही बाजूंची तोलाची शीर गेली की माणूस डोळ्यांवर आणि पायाखालच्या जमिनीवर तोल धरतो. पाण्याखाली नीट दिसत नाही आणि पायाला जमीनही लागत नाही. वर कुठे, खाली कुठे हेच कळत नाही. पट्टीचा पोहणाराही वर येतोय समजून तळाकडे जाऊ शकतो. म्हणूनच या रुग्णांना एकट्याने पोहू नका असे डॉक्टर बजावतात. लहानपणापासून खाडीत डुंबलेल्या पोराला हे पटवणे कठीण, हे मान्य. पण रापण ओढायला खोल पाण्यात त्याला पुढे धाडू नका. दोरी ओढायला वाळूवर माणूस लागतोच. पर्यटकांना बुडी मारायला नेण्याचे काम असेल तर ते सोडावेच लागेल. पावसाळ्यात वीज गेली की तोच धोका अंगणात येतो: शेवाळलेला चिरा, विहिरीचा काठ, काळोख. उशाशी बॅटरी ठेवावी.

एका बाजूची गाठ निघाली तरी दुसरीकडची वाढू शकते, म्हणून ठरल्या वेळी एम. आर. आय. चुकवू नये. ऐकण्याची शीरच कापली गेली असेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग होत नाही. मेंदूच्या देठावर बसवायचे यंत्र १९७९ साली लॉस एंजेलिसला प्रथम बसवले गेले, पण त्याने बहुतेकांना आवाजाची जाणीव होते, बोलणे पुरते कळत नाही. म्हणून एक कान चालू आहे तोवरच ओठ वाचायला आणि खुणांची भाषा शिकायला घ्यावी, आणि ती घरातल्या सगळ्यांनी शिकावी. दोन्ही कान गेले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी सर्व तपासण्यांचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. आणि डॉक्टरांना घरातल्या मुलांच्या तपासणीबद्दल आपणहून विचारावे.