समजून घ्या : जॉब ४ किलोचा, मग रोबो आर्म किती किलोचा घ्यायचा?

सीएनसी मशिनवर कच्चा जॉब लावायचा, तयार झाला की काढायचा, पुन्हा नवा लावायचा. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधले हे रोजचे काम रोबो आर्म करू शकतो. पण निवड चुकली तर कर्जाचे हप्ते सुरू आणि आर्म कोपऱ्यात, अशी वेळ येते. म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढे तपासा.

कोणता प्रकार कशासाठी?

सहा अक्षांचा आर्म सर्व दिशांनी वळतो. वेल्डिंग, पेंटिंग, मशिन लोडिंगसाठी तो चालतो. चार अक्षांचा 'स्कारा' लहान भाग झटपट बसवतो. वरून टांगलेला 'डेल्टा' पट्ट्यावरच्या हलक्या वस्तू वेगाने उचलतो. 'कोबॉट' हा बहुधा सहा अक्षांचाच, पण माणसाचा धक्का लागताच थांबणारा. मशिन लोडिंगसाठी खरी निवड नेहमीचा सहा अक्षांचा आर्म की कोबॉट, एवढीच असते.

पेलोडचे गणित कसे करायचे?

माहितीपत्रकातल्या पेलोडमध्ये ग्रिपरचे वजनही धरलेले असते. समजा, जॉब ४ किलोचा आहे. वेळ वाचवण्यासाठी दुहेरी ग्रिपर लावला, तर एका बाजूला तयार आणि दुसऱ्या बाजूला कच्चा जॉब असतो. म्हणजे जवळपास ८ किलो. ग्रिपरचे ३ किलो धरले की भार ११ किलोपर्यंत जातो. इथे १० किलोचा आर्मही कमी पडेल! शिवाय वजन आर्मच्या मनगटापासून जितके दूर, तितकी क्षमता घटते.

पोहोच आणि अचूकता किती हवी?

युनिव्हर्सल रोबोट्सच्या 'यूआर५ई' कोबॉटची पोहोच ८५० मिलीमीटर आहे. आर्मच्या तळापासून मशिनच्या आतल्या चकपर्यंतचे अंतर टेपने मोजा. याच कोबॉटची ±०.०३ मिलीमीटर ही 'रिपीटेबिलिटी' आहे. म्हणजे शिकवलेल्या जागी तो पुन्हा पुन्हा किती नेमका येतो, याचे माप.

वेगवान आर्मच चांगला का?

मशिनला एका जॉबसाठी ३ मिनिटे लागत असतील, तर आर्मने वाचवलेल्या २ सेकंदांसाठी जादा पैसे कशाला? तिथे कोबॉट पुरतो. काही सेकंदांत एक भाग काढणाऱ्या प्रेसवर मात्र नेहमीचा वेगवान आर्म आणि भोवती कुंपण हवे.

कोबॉटला कुंपण लागत नाही?

हा सर्वात धोकादायक गैरसमज. आर्म सुरक्षित असला, तरी त्याने पकडलेला धारदार जॉब सुरक्षित नसतो. आयएसओ १०२१८ या मानकानुसार ग्रिपर, जॉब, मशिन अशा संपूर्ण मांडणीच्या धोक्याचे मूल्यमापन करावे लागते. कुंपण हवे की नको, हे त्यानंतरच ठरवायचे.

कोटेशनमध्ये काय पाहाल?

आर्मच्या किमतीवर ग्रिपर, स्टँड, सुरक्षा उपकरणे, मशिनशी जोडणी, प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण हा खर्च येतोच. जॉब वारंवार बदलत असतील, तर नवा प्रोग्रॅम तुमच्या ऑपरेटरला जमेल का, हे विचारा. आणि डेमो मागाल तो तुमच्याच जॉबवर, तुमच्याच सायकल टाइममध्ये.