पाण्यावरचं हळदीकुंकू

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आपले हळदीकुंकवाचे दिवस. वाण लुटायचं, तिळगूळ द्यायचा, आग्रह करकरून उखाणे घ्यायला लावायचे. यंदा आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी जोडीला आणखी एक बेत केला. पक्षी बघायला बोर धरणावर जायचं! "पक्षी काय बघायचे? अंगणात चिमण्या नाहीत का?" असा आहेर घरोघरी मिळालाच. पण वर्ध्याहून हिंगणीमार्गे बोर काही फार लांब नाही. पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी येता येतं, हे पटवलं आणि निघालो.

आता तुम्ही म्हणाल, पाणपक्षी बघायचे तर समुद्रकिनारा हवा. मुळीच नाही, बरं का! बोरचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. लोक येतात ते वाघासाठी. पण हिवाळ्यात पाण्याकडेही बघावं. नारिंगी-तांबूस चक्रवाक हिमालय ओलांडून आपल्या विदर्भातल्या तलावांवर पाहुणे येतात. जोडीनं राहतात, म्हणून आमच्यात थट्टा झालीच!

सर्वांत भाव खाल्ला तो एका घरच्याच बदकानं. काळी चोच, टोकाला पिवळा रंग आणि कपाळाशी दोन लाल ठिपके. आमच्यातल्या एक आजी दुर्बीण डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बाई, याच्या चोचीले हळदकुंकू कोनं लावलं वो?" याचं नावच मुळी हळदीकुंकू बदक, हे सांगितल्यावर आजींना कोण आनंद! एरवी लग्नकार्य किंवा दवाखाना सोडून त्या घराबाहेर पडत नाहीत.

पण नुसतं "किती छान!" म्हणून परतू नये. पक्षी मोजावेत. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि ती करतात ती बरीचशी तुमच्याआमच्यासारखी हौशी माणसंच. मोजून काय होतं? पाणथळ जागा राखण्यासाठी १९७१ मध्ये झालेला रामसर करार आहे. एखाद्या ठिकाणी नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, तर त्या यादीत जाण्याचा तो एक निकष असतो. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. आपल्या गावच्या तळ्याचंही तसंच. पक्षी कमी झाले, पाण्यात घाण वाढली, असं नुसतं म्हटलं तर कोण ऐकतं? मागच्या चार वर्षांचे आकडे पुढे ठेवले की ऐकावं लागतं.

आणि मोजणं आपल्याला का नवीन आहे? दुधाचा, धोब्याचा, किराण्याचा हिशेब आपणच ठेवतो ना? मोठा थवा असला की आधी दहा पक्षी मोजावेत, तेवढ्यानं किती जागा व्यापली ते नजरेत धरावं आणि मग तशा किती जागा भरतील ते बघावं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा :

• सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. म्हणजे रंग नीट दिसतात.

• साडी वा पंजाबी ड्रेस मातकट किंवा हिरवट रंगाचा असावा. किणकिणणाऱ्या बांगड्या आणि अत्तर त्या दिवशी घरीच.

• दुर्बीण '८ बाय ४०' पुरे. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि भिंग चाळीस मिलिमीटरचं. तिघीचौघींत एक चालते.

• मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, खाऊ टाकू नका, थवा उडवून फोटो काढू नका. उडण्यात त्यांची शक्ती जाते.

• डबा स्टीलचा न्या. कचरा परत आणा.

• वनखात्याकडे वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या.

बोर लांब पडत असेल तर गावचं तळं आहेच. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागचं एक पान राखून ठेवा : तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. आणि पुढच्या जानेवारीत त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा.